परमनंट सोडू का, ताई?

"ताई, मी २८ वर्षांचा आहे. मेकॅनिकलचा डिप्लोमा झाल्यावर भोसरी एमआयडीसीत ऑटो पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला लागलो. पहिलं वर्ष अप्रेंटिस, मग परमनंट. सगळं धरून साडेपाच वर्षं होत आली. ब्रेकच्या गाईड पिन बनवतो आम्ही. हातात २६,५०० पडतात. काम रोज तेच. आता तर पीडीआय (माल पाठवण्याआधीच्या तपासणीचा) रिपोर्ट भरायला पार्ट हातात घ्यायचीही गरज पडत नाही, रीडिंग तोंडपाठ झालीत. मॅनेजर काही शिकवत नाहीत, कंप्लेंट आली की मला कस्टमरकडे सॉर्टिंगला, म्हणजे खराब पार्ट निवडायला, पाठवतात. रांजणगावला एक कंपनी ३०,५०० द्यायला तयार आहे, काम हेच. भोसरीतच सात-आठ जणांची एक सीएमएम (पार्टची मापं घेणारं कॉम्प्युटरवरचं मशीन) लॅब आहे, ते २४,००० म्हणतात, पण प्रोग्रॅमिंग शिकवतील. वडील करमाळ्याला शेती करतात. ते म्हणतात, परमनंट सोडून कोणी जातं का? स्थळं बघणं चालू आहे आणि प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न तोच, मुलगा परमनंट आहे का. मी काय करू?"

भाऊ, तू ताई म्हटलंस म्हणून मीही अरेतुरेच करते.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. लांब होतं, वर त्यातला थोडाच भाग दिलाय. पगार, मॅनेजर, रांजणगाव, लॅब, स्थळं, सगळं तू नीट मांडलंयस. पण मध्येच एक वाक्य तू सहज लिहून गेलास आणि माझं मन तिथेच अडकलं. "रीडिंग तोंडपाठ झालीत." तू ते कंटाळा सांगायला लिहिलंस. मी ३१ वर्षं इन्स्पेक्शनमध्ये काढली आहेत, मला ते वाक्य वेगळं ऐकू आलं. पार्ट न मोजता रिपोर्ट भरला जातोय आणि खाली तुझी सही आहे.

ब्रेकचा कॅलिपर ज्या पिनवर सरकतो ती तुमची पिन. ती जाड भरली किंवा खरखरीत राहिली की कॅलिपर मोकळा सरकत नाही, एकीकडचं पॅड आधी झिजतं, ब्रेक ओढून धरल्यासारखा राहतो. हे तुला माहीत आहे, मी शिकवायला नको. तुला खाली बघायला लावायचं म्हणून लिहीत नाही. महिन्याला शेकडो रिपोर्ट, हाताशी एक माणूस, गाडी गेटवर उभी आणि डिस्पॅचवाला डोक्यावर, अशा वेळी चांगली चांगली माणसं आकडे टाकून मोकळी होतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण नोकरी सोडायची की नाही हा तुझा प्रश्न माझ्या मते या वाक्यातूनच सुटतो, म्हणून तिथून सुरुवात करते.

उद्या शिफ्टला गेलास की मोजायला लाग. ठरलेले सॅम्पल उचल, मायक्रोमीटर शून्यावर आहे का बघ आणि जे रीडिंग येईल ते लिही. आठवडाभर एवढंच कर. दोनपैकी एक गोष्ट होईल. एकतर कोणी काही म्हणणार नाही, फार तर गाडीला अर्धा तास उशीर होईल आणि तुला कळेल की काम मेलं होतं त्यात थोडा हात तुझाही होता. नाहीतर कोणीतरी येऊन सांगेल, "मोजत काय बसलास, भर आकडे." असं झालं तर पुढे मी जो पैशांचा हिशेब मांडलाय तो बाजूला ठेव. सांगणारा वरचा साहेब असेल तर त्याला ते लेखी मागण्याइतकी हिंमत धर, आणि दुसरी नोकरी हातात येताच निघ, एक दिवस जास्त थांबू नकोस. उद्या कस्टमरकडे काही निघालं तर कागदावर साहेबाचं नाव नसेल, तुझं असेल.

आता रांजणगाव. तिथे जाऊ नकोस असं मी सरळ सांगते. चार हजार जास्त आहेत, कबूल. पण मीही एकदा असंच केलं होतं. १९९० नंतरचा काळ, पहिल्या नोकरीत माझीही तीन वर्षं एकाच टेबलावर गेली होती. रागाच्या भरात तीनशे रुपये जास्त देणारी दुसरी कंपनी धरली. पहिल्या दिवशी त्यांनी मला टेबल दाखवलं आणि माझ्या पोटात गोळा आला. तेच टेबल, तेच गो–नो गो गेज, तोच डायल, फक्त भिंतीचा रंग वेगळा. तीनशे रुपयांचं अप्रूप दिवाळीपर्यंत टिकलं. तिथे आणखी दोन वर्षं गेली, आणि ती माझी मीच घालवली याचं मला आजही वाईट वाटतं.

तिथून मी एका टूलरूमच्या स्टँडर्ड रूममध्ये, म्हणजे मोजमापाच्या खोलीत, गेले, कमी पगारावर. घरी सासूबाई आठवडाभर बोलल्या नाहीत. तिथले चार्जमन फार कमी बोलायचे. पहिल्याच दिवशी मी मशीनवरून आलेला पार्ट मोजायला घेतला तर त्यांनी तो माझ्या हातातून काढून सरफेस प्लेटवर ठेवला आणि म्हणाले, "जेवून ये. मग मोज." मला वाटलं, मला टाळतायत. जेवून आल्यावर त्यांनी समजावलं. मापाचं जगभर मान्य असलेलं तापमान २० अंश सेल्सिअस. शंभर मिलिमीटरचा पोलादी तुकडा एका अंशाने तापला की साधारण १.१५ मायक्रॉननी वाढतो. मशीनवरून गरम आलेला, वर हातात धरलेला पार्ट पाच-सहा अंश तापलेला असतो, म्हणजे सहा-सात मायक्रॉनची चूक मोजण्याआधीच झालेली असते. मग त्यांनी स्लिप गेजची, म्हणजे अचूक मापाच्या ठोकळ्यांची, पेटी उघडली. दोन गेज पुसून, एकावर एक आडवे ठेवून, सरकवत फिरवले आणि ते एकमेकांना असे चिकटले की उचलले तरी सुटेनात. माझ्या हातून ते जमायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत मला जेवढं कळलं तेवढं आधीच्या पाच वर्षांत कळलं नव्हतं. पगार कमी होता, पण दोन वर्षांनी जी नोकरी मिळाली ती त्या खोलीमुळे मिळाली.

म्हणून माझा कल लॅबकडे आहे. सीएमएम चालवता येणं वेगळं आणि ड्रॉइंग वाचून, डेटम (मापं जिथून धरायची ती जागा) ठरवून, प्रोग्रॅम लिहून, आलेला रिपोर्ट कस्टमरसमोर उभं राहून पटवून देणं वेगळं. दुसरं ज्याला येतं त्याला भोसरी, चाकण, रांजणगाव, तळेगाव कुठेही विचारतात. पण लॅबवाले "शिकवू" म्हणतात म्हणजे नेमकं काय, ते तुला अजून माहीत नाही. दोन सुट्ट्यांचे दिवस काढ आणि परवानगी घेऊन तिथे नुसता बसून बघ. मशीनवर कोण बसतं? नवा मुलगा सहा महिन्यांनी स्वतः प्रोग्रॅम करतोय, की दोन वर्षं झाली तरी पार्ट पुसून क्लँप करतोय? एसी खरंच चालू असतो की कस्टमर आला की लावतात? मशीनचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट भिंतीवर आहे का, त्यावरची तारीख काय? मालक तुझ्या या प्रश्नांवर वैतागला तर तेही एक उत्तरच समज.

आणि एक गोष्ट आजच विचारून घे. सात-आठ माणसांच्या ठिकाणी पीएफ सक्तीचा नसतो, त्याला २० माणसं लागतात. ग्रॅच्युइटीचा कायदाही १० माणसांपासून लागू होतो. म्हणजे २४,००० हे खरे २४,०००च, त्यामागे मालकाकडून जमा होणारं काही नाही असं होऊ शकतं. आज तुझ्या बेसिकच्या १२ टक्के तू भरतोस आणि तेवढेच कंपनी घालते, त्यातला काही भाग पेन्शनला जातो. ते बंद होणार असेल तर लॅबशी २४ वर सौदा करू नकोस, २६ माग. नाही म्हणाले तर निदान सहा महिन्यांनी पगार कितीवर नेणार ते ऑफर लेटरमध्ये लिहून घे. आणि पोस्टात किंवा बँकेत पीपीएफचं खातं काढ, वर्षाला ५०० रुपये भरले तरी ते चालू राहतं, जास्तीत जास्त दीड लाख भरता येतात. जुना पीएफ मात्र काढू नकोस. सलग पाच वर्षं भरायच्या आत काढला तर त्यावर कर लागतो, आणि पुढे पीएफ असलेल्या ठिकाणी गेलास की त्याच यूएएनवर (पीएफच्या कायमच्या नंबरवर) तो जोडता येतो.

आता ग्रॅच्युइटी. तू साडेपाच वर्षं म्हणतोस आणि बहुतेक तुझ्या डोक्यात आहे की पाच वर्षं भरली, ग्रॅच्युइटी पक्की. तसं नाहीये. कायद्यात अप्रेंटिसला धरत नाहीत. अप्रेंटिसचं वर्ष वजा केलं तर तुझी चार वर्षं पाच महिने होतात, अजून सात महिने हवेत. तुझा बेसिक आणि महागाई भत्ता मिळून १८,२०० आहे असं तू स्लिपच्या फोटोत पाठवलंयस. हिशेब असा असतो: त्याला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं, मग वर्षांनी गुणायचं. ७०० गुणिले १५ म्हणजे १०,५००, पाच वर्षांचे ५२,५००. पाचव्या वर्षात २४० दिवस भरले तरी पाच वर्षं धरावीत असा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल आहे आणि कंपनीत कोणी ना कोणी तो तुला सांगेलच. पण त्याच्या भरवशावर राजीनामा देऊ नकोस, कंपनी नाही म्हणाली तर भांडायला तुला पुण्यातल्या कामगार कार्यालयाच्या खेपा घालाव्या लागतील. अपॉइंटमेंट लेटर काढ, परमनंटची तारीख बघ, त्यात पाच वर्षं मिळव आणि ती तारीख कॅलेंडरवर लिही.

तू खर्च लिहिलेत ते मी बेरजेला लावले. मोशीच्या खोलीतला तुझा वाटा ५,५००, मेस ३,२००, गावी ८,०००, गाडीचा हप्ता २,९००, पेट्रोल-मोबाईल धरून आणखी २,४००. झाले २२,०००. आज साडेचार हजार उरतात, लॅबमध्ये दोनच उरतील. दोन हजारांत आजारपण, बहिणीची फी, सणावाराला गावी जाणं बसत नाही. पण हप्ता आठ महिन्यांत संपतोय असं तूच लिहिलंयस. तो संपला की २,९०० मोकळे होतात आणि पगारात जे २,५०० कमी होणार आहेत ते भरून निघतात. ग्रॅच्युइटी सात महिन्यांवर, हप्ता आठ महिन्यांवर. हा योग मला फार चांगला वाटतो. ५२,५०० ला सात महिन्यांत वाटलं तर महिन्याला साडेसात हजार होतात, रांजणगावच्या चार हजारांपेक्षा जास्त, तेही मोशीची खोली न सोडता. त्यामुळे, मोजून रिपोर्ट भरू देत असतील तर, सात-आठ महिने थांब असं मी म्हणेन. लॅबवाल्यांना सरळ सांग की मला यायचंय, पण अमुक तारखेनंतर. चांगल्या मुलासाठी लहान मालक थांबतो. नाही थांबला तर भोसरीत ती एकच लॅब नाही.

दिवाळीच्या बोनससाठी म्हणून मात्र थांबू नकोस. ज्या वर्षात ३० दिवस काम केलंस त्या वर्षाचा बोनस, तू पात्र असशील तर, नोकरी सोडल्यावरही मागता येतो.

वडिलांना शुगर आहे आणि ते कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आहेत, हे तू शेवटच्या ओळीत लिहिलंस, मला ते सगळ्यात आधी वाचायला आवडलं असतं. कंपनी सुटली की तो विमा सुटतो. राजीनाम्याआधी त्यांची स्वतःची पॉलिसी काढ, शुगर लपवू नकोस. आधीपासूनच्या आजाराला थांबायची मुदत आता जास्तीत जास्त तीन वर्षं आहे, म्हणजे जितक्या लवकर काढशील तितक्या लवकर ती सुरू होऊन संपेल. त्याच विमा कंपनीकडे ग्रुपमधून वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का हेही एचआरला विचार. मुदतीत सूट मिळू शकते.

हे सात महिने नुसते ढकलायचे नाहीत. तू म्हणतोस मॅनेजर शिकवत नाहीत. नसतील. पण मला सांग, तू रोज वापरतोस त्या मायक्रोमीटरचं गेज आर अँड आर, म्हणजे तेच माप माणसागणिक आणि दर वेळी किती बदलतं त्याचं टक्क्यांतलं गणित, कधी काढलंयस? फाइलला जे लागलेलं असतं ते नको, स्वतः काढलेलं. दहा पिना घे, तीन माणसं, प्रत्येकाने प्रत्येक पिन तीनदा मोजायची, ९० रीडिंग. १० टक्क्यांच्या आत आलं तर तुझं मोजमाप विश्वासाचं, ३० च्या वर गेलं तर त्या मायक्रोमीटरने मोजलं काय आणि न मोजलं काय. कोरा एक्सेल घेऊन सूत्रं स्वतः टाक. मग त्याच पिनांचा सीपीके, म्हणजे मापं ठरलेल्या मर्यादेत किती नीट बसतात त्याचा आकडा, काढ. मग कंट्रोल चार्टवर आठवडाभर टूल कधी झिजायला लागतो ते बघ. पीपीएपी, एफएमईए, एसपीसी, एमएसए ही क्वालिटीच्या पद्धतींची नावं तू ऑडिटच्या आदल्या दिवशी ऐकतोस, पण तुझ्या लाइनवर ती सगळी जिवंत उभी आहेत आणि पगारी शिकता येतात. सोबत एनपीटीईएलवर (आयआयटींचे ऑनलाइन कोर्स असतात तिथे) मेट्रॉलॉजीचा, म्हणजे मोजमापशास्त्राचा, कोर्स कर, बघायला पैसे नाहीत, परीक्षेला थोडी फी आहे. इंग्रजीतून आहे, पहिले दोन आठवडे जड जाईल, तिसऱ्या आठवड्यापासून शब्द ओळखीचे होतात.

आणि सॉर्टिंग. कस्टमरच्या गेटबाहेर बसून हजार पिना निवडणं हे अपमानाचं वाटतं, मला ठाऊक आहे, तिथल्या सिक्युरिटीवाल्यापासून सगळे तुला चोर असल्यासारखं बघतात. पण बिघडलेला पार्ट हातात येणारा तूच असतोस, मॅनेजर नसतात. पुढच्या वेळी खराब निघालेल्या दहा पिना वेगळ्या ठेव, बॅच नंबर बघ, कुठल्या मशीनच्या, कुठल्या शिफ्टच्या ते लिहून काढ. मग मॅनेजरना म्हण, या वेळचा एट-डी (कंप्लेंटचं मूळ आणि उपाय मांडणारा रिपोर्ट) मी लिहून आणतो, तुम्ही तपासा. आपल्याकडे अर्ध्या एट-डीमध्ये कारण म्हणून "ऑपरेटरचं दुर्लक्ष" आणि उपाय म्हणून "ऑपरेटरला समज दिली" असतं. मी माझ्या हाताखालच्या मुलांचे असे रिपोर्ट परत पाठवायचे, ती रडकुंडीला यायची. ऑपरेटरचं दुर्लक्ष झालं तरी मशीनने तो पार्ट पुढे जाऊच का दिला, इथपर्यंत गेलास तर एक एट-डी तुला चांगल्या कंपनीत नोकरी मिळवून देईल. मी मुलाखती घ्यायचे तेव्हा किती वर्षं काम केलं हे बायोडेटात दिसायचंच. विचारायचे ते एकच, "एखाद्या कंप्लेंटचं मूळ तू स्वतः शोधलंस असं सांग." दहा वर्षं झालेली माणसंही तिथे गप्प बसायची.

आता वडील. त्यांचं चुकतंय असं मला वाटत नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर पिंपरी-चिंचवडला गेलेली त्यांच्या वयाची माणसं आहेत, परमनंट झाली, घर बांधलं, पोरांची लग्नं झाली. ज्यांना सात-सात महिन्यांनी ब्रेक देऊन काढलं ती गावी परत आली, तीही त्यांनी पाहिली. परमनंट या शब्दाची किंमत त्यांना तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण तूच लिहिलंयस की चार वर्षांपूर्वी त्यांनी उजनीकाठचा ऊस मोडून दोन एकर केळी लावली. ऊस म्हणजे कारखान्याला जाणार हे ठरलेलं. तो सोडून टिश्यू कल्चरची रोपं आणली, ड्रिप केलं, अकरा-बारा महिने घड हातात यायची वाट बघितली. तेव्हा भावकी काय काय बोलली असेल! सुट्टीत गावी जाशील तेव्हा बांधावर बसून त्यांना तेच विचार, ऊस मोडायचं कसं ठरवलंत, पैशाची सोय आधी काय केली होती, मनात भीती होती का. तुझं काही सांगायच्या आधी त्यांचं ऐकून घे. नंतर कागदावरचा सगळा हिशेब त्यांच्यापुढे ठेव, ग्रॅच्युइटीची तारीख, हप्त्याची तारीख, विम्याची पॉलिसी. पोरगा वैतागून निघालाय की विचार करून, हे शेतकऱ्याला लगेच कळतं.

स्थळांचं मात्र माझ्याकडे गोड उत्तर नाही. तुझ्यासारख्या कितीतरी मुलांची पत्रं माझ्याकडे येतात आणि मुलींच्या घरचे विचारतात तेही मला समजतं, त्यांनाही त्यांच्या लेकीची काळजी असते. लॅबमध्ये गेलास तर वर्ष-दोन वर्षं या प्रश्नाला तुझं उत्तर "नाही" असेल आणि एखादं स्थळ त्यावर परत जाईल. ते तुला लागेल. खोटं सांगू नकोस. मुलीशी बोलायला मिळालं तर तिला काय शिकतोयस आणि का, ते सांग. ऐकून घेणारी भेटेल. कधी, ते मला सांगता येणार नाही.

निघायची वेळ येईल तेव्हा राजीनामा मेलवर दे, नोटीस पूर्ण भर, रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचा दाखला हातात घेतल्याशिवाय गेटपास जमा करू नकोस. ग्रॅच्युइटी ३० दिवसांत द्यावी लागते, तसा अर्ज देऊन पोच घे. कस्टमरची ड्रॉइंग पेनड्राइव्हवर नेऊ नकोस, कोणी कितीही मागितली तरी. आणि तुझ्या जागी येणाऱ्या मुलाला दोन दिवस शेजारी बसवून मोजायला शिकव.

आधी ते ९० रीडिंगचं काम कर आणि आलेला आकडा मला कळव. ३० च्या वर गेला तरी कळव, लपवू नकोस. मग पुढचं पत्र लिहू.

तुझी ताई